अडतिसावा अंक

मी काकांच्या घरी राहायला गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, शनिवारी सकाळी, त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "बातमी काही बरी नाही. क्लबात बिलियर्डचं टेबल आलं, पण काठ्या बोटीवरच राहिल्या."

मी नॉटिंगहॅममध्ये नवीन होते. हॉस्पिटलच्या फार्मसीत नोकरी लागली होती आणि पुण्यातल्या एका मैत्रिणीच्या ओळखीने ही वरच्या मजल्यावरची खोली मिळाली होती. मला वाटलं, असतील काका कुठल्या तरी क्लबचे मेंबर. सहानुभूती म्हणून विचारलं, "मग आता काय हो?"

"आता काय! पुढच्या शनिवारी कळेल."

पुढच्या शनिवारी कळलं की काठ्या आल्या, पण तोवर टेबलाच्या एका पायाला वाळवी लागली. त्याच्या पुढच्या शनिवारी डॉक्टरसाहेबांची बकरी हरवली आणि संशय पाद्रीबाबांवर गेला. तेव्हा मात्र मला राहवलं नाही. नॉटिंगहॅममध्ये वाळवी कुठून येईल?

"काका, हा क्लब आहे तरी कुठे?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं, उठून आतून एक जाडजूड फाइल आणली आणि टेबलावर ठेवली. आत जुन्या इंग्रजी साप्ताहिकाच्या झेरॉक्स प्रती होत्या. शंभराहून जास्त वर्षांपूर्वीच्या. इंग्रजांच्या काळात मध्य प्रांतातल्या डोंगरांत मँगनीजची एक खाण निघाली, खाणीभोवती बंगले, क्लब आणि चाळी उठल्या, आणि तिथल्या पन्नासेक गोऱ्या माणसांसाठी कुणीतरी एक पेपर काढला. काका त्याला 'गॅझेट' म्हणत. प्रेमात आले की 'आपला पेपर'.

हा पेपर अडतीस आठवडे चालला आणि बंद पडला. "नऊ महिने!" काका सांगत. "माणूस जन्माला यायला लागतात तेवढेच. आणि बाप्पा, तेवढ्यात गेलाही."

काका दर शनिवारी त्यातला एक अंक वाचत. फक्त एकच. साप्ताहिक म्हणजे साप्ताहिक. पुढचा अंक आधी उघडून बघणं ते चोरी केल्यासारखं समजत. वाचून संपले की पुन्हा पहिल्यापासून. आजचा पेपर मात्र घरात येत नसे. "आजच्या पेपरात बकरीचं पुढे काय झालं ते कधीच कळत नाही," हे त्यांचं म्हणणं.

काका मूळचे नागपूरचे. तरुणपणी इथे आले आणि सगळी नोकरी एक्स-रे काढण्यात गेली. डावं-उजवं याबाबत ते फार काटेकोर. कुणी नुसतं "पाय दुखतो" म्हटलं तर दुखणाऱ्याआधी काका कळवळत, "कोणता पाय, डक, कोणता?" हे 'डक' म्हणजे बदक नव्हे. इकडच्या भागात दुकानदार, बसवाले, नर्सबाई सगळे एकमेकांना लाडाने 'डक' म्हणतात. काकांनी तो शब्द असा काही उचलला होता, की त्यांचा नागपूरचा भाऊ फोनवर "जय भीम" म्हणाला की काका म्हणत, "जय भीम, डक."

काकू गेल्यानंतर त्यांनी वरच्या दोन खोल्या भाड्याने दिल्या होत्या. एकीत मी आणि दुसरीत अनया. ती लंडनजवळच्या स्लाऊची, तिथेच जन्मलेली, इथल्या युनिव्हर्सिटीत कायदा शिकत होती. तिचं मराठी आजीकडून ऐकलेलं होतं, पण त्यातली लिंगं आपापल्या मर्जीने फिरत. मी राहायला येण्याआधीच तिला गॅझेटचा नाद लागलेला होता. शनिवारी डोळे चोळत खाली येऊन ती पहिलं विचारायची, "काका, डॉक्टरचा बकरी सापडला का?"

"डॉक्टरची बकरी. सापडली. चर्चमध्ये प्रार्थनेची पुस्तकं खाताना."

"ओ माय गॉड, मग पाद्री इनोसंट होती!"

"होता. पाद्री होता. बकरी होती." काका शांतपणे टोस्टला लोणचं लावत.

छापलेल्या अक्षरातली चूक त्यांना खड्यासारखी लागे. टेकअवेच्या मेन्यूवर, कौन्सिलच्या पत्रात, इथल्या आपल्या लोकांच्या मंडळाच्या आमंत्रणपत्रिकेत. चूक दुरुस्त करून तो कागद ते पोस्टाने परत पाठवत. शिवाय त्यांना उलटं वाचता येई. छापखान्यात शिशाचे खिळे, म्हणजे सुटी अक्षरं, जुळवणारा माणूस ती उलटी बघतो म्हणून त्यांनी हे मुद्दाम शिकून घेतलं होतं. ट्रॅममध्ये समोर बसलेल्या माणसाचं पुस्तक ते त्याच्याबरोबर वाचत. एकदा एका बाईंनी पान फार लवकर उलटलं, तर काकांनी त्यांना अदबीने थांबवलं, "जरा एक मिनिट हं, शेवटची ओळ राहिलीय." बाईंनी खरंच पान मागे घेतलं. दोघांनी मिळून प्रकरण संपवलं आणि स्टॉप आल्यावर हात हलवून निरोप घेतला.

घरात काही सांगायचं झालं तर ते तोंडाने सांगत नसत. फ्रिजवर गॅझेटच्या थाटात बातमी लागे. 'आमच्या असे कानी आले आहे की वरच्या मजल्यावरील एका सभ्य स्त्रीने शुक्रवारी स्नानास चाळीस मिनिटे लावली. बॉयलरची प्रकृती आता सुधारत आहे.' ती सभ्य स्त्री मी. मी खाली खुलासा लिहिला, की केसांना तेल होतं. दुसऱ्या दिवशी 'वाचकांची पत्रे' या मथळ्याखाली माझा खुलासा स्वच्छ अक्षरात लिहून लावलेला होता, शुद्धलेखनाच्या दोन दुरुस्त्यांसकट.

हे सगळं एका विक्षिप्त म्हाताऱ्याचे चाळे म्हणून मी सोडून दिलं असतं. पण एका शनिवारी सदतिसावा अंक आला.

त्या दिवशी काकांनी टोस्ट केला नाही. पहिल्या पानावरची टेनिसची मॅच वाचली, गव्हर्नरसाहेबांच्या दौऱ्याची बातमी वाचली, आणि शेवटच्या पानाच्या तळाशी येऊन थांबले. तिथे दोनच ओळी होत्या. बुधवारी चौथ्या खाणीत दरड कोसळली. सविस्तर वृत्त पुढील अंकी.

"आणि पुढचा अंक?" मी विचारलं.

"पुढचा अंक नाही," काका म्हणाले. "लंडनच्या मोठ्या लायब्ररीत सदतीसच आहेत. अडतिसावा निघाला एवढं नक्की, कारण तो माझ्या आजोबांनी जुळवला."

आजोबा आधी खाणीत दगड फोडत. छापखान्यात माणूस कमी पडला तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की या पोराची नजर तीक्ष्ण आहे आणि बोटं चपळ. त्यांना इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. मजकुराचा कागद समोर ठेवायचा, आकार बघायचा, तसाच खिळा उचलायचा. शब्द म्हणजे त्यांच्यासाठी नक्षी होती. आणि असा माणूस ते गॅझेट इतकं निर्दोष जुळवायचा, की काकांना सदतीस अंकांत एकही चूक सापडली नव्हती.

घरात चालत आलेली गोष्ट अशी होती. दरड कोसळली त्यात मजूर मेले. आजवर मजूर मेले की पेपरात फक्त आकडा यायचा. त्या वेळी आजोबांनी संपादकाच्या नकळत मेलेल्यांची नावं छापली. साहेब लोक खवळले, कंपनीने पेपर बंद केला, आणि आजोबा पायी नागपूरला आले. "माझ्या बापाने शंभर वेळा सांगितलं," काका म्हणाले. "अडाणी माणसाने साहेबाचा पेपर बंद पाडला!"

दर एप्रिलला आमच्या मंडळाच्या भीमजयंतीच्या कार्यक्रमात काका ही गोष्ट सांगत. लोकांना ती पाठ होती, तरी शेवटच्या वाक्याला टाळ्या पडत. पण अंक कुणी पाहिलेला नव्हता, आणि हे काकांना आतून कुरतडत असे.

संपादक मूळचा नॉटिंगहॅमजवळच्या एका कोळशाच्या गावचा, एवढा धागा त्यांच्या हाती होता. म्हणून ते आजूबाजूच्या गावांच्या पत्रिकांमधून वर्षानुवर्षं एकच छोटी जाहिरात देत: 'पाहिजे, अडतिसावा अंक.' खाली गॅझेटचं नाव, खाणीच्या गावाचं नाव आणि संपादकाचं आडनाव. उत्तरं यायची. कुणी रेल्वेचं जुनं वेळापत्रक पाठवलं, कुणी विणकामाच्या मासिकाचा अडतिसावा अंक. विणकामवाल्या बाईंना काकांनी आभाराचं पत्र लिहिलं आणि एक मफलरही विणून पाहिला.

आणि एक दिवस मार्गरेट नावाच्या बाईंचं पत्र आलं. ऐंशीच्या घरातल्या. त्या संपादकाच्या नातच होत्या. आजोबांच्या ट्रंकेत हिंदुस्थानातून आणलेली किटली होती, आणि ती ज्या कागदात गुंडाळली होती त्यावर गॅझेटचं हेच नाव होतं.

काकांनी पत्र तीन वेळा वाचलं. मग ते उलटं धरून चौथ्यांदा वाचलं.

आम्ही दोघं बसने गेलो. काकांनी सूट घातला होता. गावाच्या तोंडाशी बंद पडलेल्या कोळसाखाणीचं मोठं लोखंडी चाक अर्धं जमिनीत पुरून उभं केलेलं होतं आणि भोवती फुलं लावली होती. काका त्याच्यापाशी थोडं थांबले.

मार्गरेटबाईंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "या, डक. फार चुरगळला होता हो, म्हणून मी इस्त्री करून ठेवलाय."

जेवणाच्या टेबलावर, पांढऱ्या टॉवेलवर, अडतिसावा अंक पसरलेला होता.

काका बसले नाहीत. उभ्यानेच, दोन्ही हात मागे बांधून, वाचत गेले. मी त्यांच्या खांद्यावरून पाहत होते. दरडीची बातमी दुसऱ्या पानावर होती. सहा कुली दगावले. काम दोन दिवसांत पूर्ववत सुरू होईल. बस. आणि त्याखाली, वेगळ्या बारीक टायपात, एकाखाली एक सहा शब्द.

मला क्षणभर कळेनात. फाग्न. दुभराम. जौकी. ही कुठली नावं?

काकांच्या तोंडून हसू फुटलं. आधी बारीक, मग मोठं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी थांबेना. मार्गरेटबाई घाबरून पाणी आणायला निघाल्या.

"चूक!" काका ओरडले. "अगं, चुका आहेत! बघ, फागू. शेवटचा यू उलटा बसलाय, त्याचा एन झाला. हा बुधराम, बी आणि डीची अदलाबदल. ही जानकी. बाई आहे ही, टोपलं वाहणारी असणार. तिचा एन उलटा पडून यू झाला." त्यांनी डोळे पुसले. "आख्ख्या पेपरात एक चूक नाही, अन् सहा नावांत तीन! म्हणजे समोर कागद नव्हता. कुणी लिहून दिलंच नव्हतं. हजेरीपटावर या नावांचे आकार कधी पाहिले असतील, ते आठवून माझ्या आजोबांनी हे मनाने जुळवलं."

मार्गरेटबाई वाकून बघत होत्या. "पण माझे आजोबा छापण्याआधी सगळं वाचत असणार ना?"

"वाचतच असणार," काका म्हणाले.

"मग त्यांनी हे काढलं का नाही? निदान नीट तरी का नाही केलं?"

"नीट कसं करणार? त्यांना नावं कुठे माहीत होती."

बाई जरा विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "तसे ते आळशीही होते म्हणा." दोघंही हसले, आणि चहा त्याच किटलीतून आला.

दुसरा कप चालू असताना काकांनी चौथं पान उलटलं आणि त्यांचा चेहरा उतरला. तिथे चौकटीत संपादकाचं निवेदन होतं. पत्नीला इथली हवा मानवत नसल्याने आपण मायदेशी परतत आहोत, हे महिन्याभरापूर्वीच ठरले असून हा अंक शेवटचा. छापखाना विकला आहे. ज्यांनी पुस्तके नेली असतील त्यांनी ती कृपया परत करावीत.

म्हणजे कंपनीने पेपर बंद केला नव्हता. साहेब खवळले नव्हते. निदान त्यामुळे काही झालं नव्हतं. बायकोला उकडत होतं, म्हणून गॅझेट संपलं.

परतीच्या बसमध्ये काका खिडकीबाहेर बघत बसले. समोरच्या माणसाच्या हातात उघडं पुस्तक होतं, तिकडेही पाहिलं नाही. पुढचे दोन शनिवार घरात गॅझेट उघडलं नाही. फ्रिज कोरा राहिला. मी मुद्दाम पाऊण तास आंघोळ केली, तरी बातमी लागली नाही.

एप्रिलचा कार्यक्रम आठवड्यावर आला होता. मंडळाचे चिटणीस घरी आले. ते हाडांचे डॉक्टर, भला माणूस. काकांनी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "काका, नावं छापली हे तर प्रूव्ह झालं ना? मग पुढचं कशाला सांगायचं? गोष्ट इतकी इन्स्पायरिंग आहे, पोरं ऐकतात. पेपर कसा बंद पडला हे कोण चेक करतंय?"

"मी चेक केलं ना," काका म्हणाले.

"अहो, पण 'बायकोला उकडत होतं' यावर टाळ्या कशा पडणार?"

चिटणीस गेल्यावर काका स्वयंपाकघरात येऊन बसले. अनया तिथे पास्ता उकळत होती. तिने सगळं ऐकलेलं होतं. चमचा हातात धरून ती म्हणाली, "काका, एक विचारू? तुमच्या आजोबाला इंग्लिश येत नव्हती ना?"

"नव्हतं."

"मग ते लास्ट पेजवरचं नोटीस, की पेपर बंद होतंय. तो कुणी जुळवली?"

"आजोबांनीच. दुसरं कोण होतं?"

"पण त्यांना ते वाचता येत नव्हता. त्यांनी फक्त शेप्स लावले. म्हणजे त्यांचा जॉब जाणार आहे, हे त्यांनी स्वतःच्या हाताने लावलं, आणि त्यांना माहीतच नव्हती!" ती आता वकिलासारखी बोलायला लागली होती. "सो, नावं लावताना त्यांना वाटत असणार, पेपर पुढच्या वीकला पण आहे. साहेब पण आहे. पकडलं तर जॉब जाईल, मार पडेल. तरी लावली."

भांड्यातला पास्ता उतू गेला. कुणी उठलं नाही.

 काका हळूच म्हणाले, "साहेबाने तोंडी सांगितलंही असेल त्यांना. महिनाभर आधी ठरलं होतं."

"असेल," अनया म्हणाली. "वी डोन्ट नो."

"हो ना. माहीत नाही." काका उठले आणि त्यांनी गॅस बंद केला. चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी रंग आला होता. "मग माहीत नाही असंच सांगायचं. काहून लपवायचं?"

कार्यक्रमाला कम्युनिटी हॉल भरला होता. पहिल्या रांगेत मार्गरेटबाई बसल्या होत्या, काकांनी त्यांना टॅक्सी पाठवून आणवलं होतं. मी शेजारी बसून त्यांच्या कानात इंग्रजीत सांगत होते. काकांनी गोष्ट सुरू केली तेव्हा लोक सवयीने सैलावून बसले. मग काका म्हणाले, "इतकी वर्षं मी तुम्हाला याचा शेवट चुकीचा सांगितला," आणि लोक पुन्हा ताठ बसले.

त्यांनी सगळं सांगितलं. उलटे पडलेले खिळे, सहा नावं, बायकोला मानवेना ती हवा, पुस्तकं परत करण्याची विनंती. आजोबांना काय माहीत होतं आणि काय नव्हतं, आणि आपल्याला त्यातलं काय कधीच कळणार नाही, तेही. चिटणीस खाली मान घालून पायाकडे बघत होते. काका थांबले तेव्हा टाळी पडली नाही. मागून एका आजींनी विचारलं, "नावं काय होती, बाळा, ती तरी सांग."

तेवढ्यात मार्गरेटबाईंनी माझा दंड धरला. "मी वाचू का? माझ्या आजोबांनी वाचली होती. निदान मी बरोबर वाचते."

त्या स्टेजवर गेल्या. काकांनी त्यांच्या हातात कागद दिला, त्यावर नावं दुरुस्त करून इंग्रजीत लिहिली होती. बाईंनी चष्मा लावला आणि वाचलं, "फॅगो."

"फागू!" अर्धा हॉल एकदम म्हणाला. पोरं खिदळली. बाईही हसल्या आणि पुन्हा सुरू केलं. फागू जमला, पण बुधरामचा बडरम झाला. आता लहान मुलं खुर्च्यांवर उभी राहून सांगायला लागली, "बु-ध! बु-ध!" तिथल्या निम्म्यांना स्वतःला 'ध' नीट येत नव्हता, तेही एकमेकांना दुरुस्त करू लागले. स्लाऊची अनया सर्वांत मोठ्याने. जानकीला बाईंनी श्वास घेतला, चष्मा सारखा केला. सुकलू, इतवारी, धोंडू. आजीबाई मागून एकेका नावाला मान डोलवत होत्या.

तिसऱ्या खेपेला सहाही नावं स्वच्छ आली.

बाईंनी कागद खाली घेऊन काकांकडे पाहिलं. काका डोळे मिटून ऐकत होते. त्यांनी डोळे उघडले, माइकपाशी वाकले आणि म्हणाले, "चूक नाही. छापायला हरकत नाही."